‘पेक्षा’ आणि ‘सगळ्यात’ इंग्लिशमध्ये कसं आणायचं: बिगर, बिगेस्ट, मोअर, मोस्टचा सगळा हिशोब

फोंड्यात माझ्याकडे संध्याकाळी ट्युशनला पाचवी ते दहावीची मुलं येतात, बरीचशी चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळेत शिकलेली आणि मग पाचवीला एकदम इंग्लिश मीडियममध्ये गेलेली. मुलं हुशार असतात. ‘गुड, बेटर, बेस्ट’ झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पण वाक्य लिहायला दिलं की वहीत येतं ‘माय ब्रदर इज टॉल दॅन मी’, आणि ते कापून परत लिहायला सांगितलं की येतं ‘माय ब्रदर इज मोअर टॉलर दॅन मी’. दोन्ही चूक, आणि इतकी वर्षं वह्या तपासून मला आता पक्कं कळलंय की दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे आणि ते आपल्या मराठीत आहे.

हे बघा. माझा भाऊ उंच आहे. माझा भाऊ माझ्यापेक्षा उंच आहे. माझा भाऊ घरात सगळ्यात उंच आहे. तिन्ही वाक्यांत ‘उंच’ जागचा हललेला नाही, तुलनेचं सगळं काम ‘पेक्षा’ आणि ‘सगळ्यात’ हे शब्द करतात. कोंकणीतही तेच, ‘म्हजेपरस व्हड’, व्हड तो व्हडच राहतो. इंग्लिशमध्ये मात्र खूण दोन ठिकाणी लागते, विशेषणाचं रूप बदलायचं आणि वर ‘दॅन’ पण घालायचं. मूल ‘पेक्षा’चं ‘दॅन’ करतं आणि त्याला वाटतं झालं काम, म्हणून ‘टॉल दॅन’. मग कुणीतरी ओरडतं की रूप बदल, तर ते घाबरून ‘मोअर’ पण लावतं आणि ‘ई आर’ पण लावतं.

तरी ही कल्पना आपल्याला परकी नाही हं. मराठी व्याकरणात याला तर-तम भाव म्हणतात, लघु, लघुतर, लघुतम, आणि ‘तारतम्य’ हा आपला रोजचा शब्द त्याच तर आणि तमवरून आलाय. संस्कृतातून आलेले ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, बलिष्ठ हे शब्द घ्या, त्यांच्या शेवटी जो ‘इष्ठ’ आहे तो आणि इंग्लिशच्या ‘बिगेस्ट’मधला ‘एस्ट’ हे भाषाशास्त्राप्रमाणे एकाच जुन्या मुळातून आलेत. हे मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगते, ज्येष्ठ म्हणा आणि ओल्डेस्ट म्हणा, कानाला लागतं की नाही? भीती निम्मी तिथंच जाते.

पहिली पायरी: मराठी वाक्यात तुलना आहे का ते शोधा

‘पेक्षा’ किंवा ‘हून’ दिसलं की दुसरी डिग्री, कंपॅरेटिव्ह. ‘सगळ्यात’, ‘सर्वांत’ दिसलं की तिसरी, सुपरलेटिव्ह. ‘इतका’, ‘एवढा’, म्हणजे ‘माझ्याइतका उंच’ असं असलं की पहिलीच, पॉझिटिव्ह, ‘ऍज टॉल ऍज मी’, तिथं रूप बदलायचं नाही. एवढं शाळेत सांगतात.

जे सांगत नाहीत ते म्हणजे मराठीत तुलना पुष्कळदा लपलेली असते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तुम्ही दोन वाटे बघून विचारता, ‘यातला स्वस्त कुठला गो?’ यात पेक्षा नाही, सगळ्यात नाही, पण दोन वाट्यांची तुलना आहे, म्हणून इंग्लिशमध्ये ‘विच वन इज चीपर?’ असंच लागणार, ‘विच वन इज चीप?’ नाही. तसंच ‘जरा’. ‘जरा हळू बोल’ म्हणजे आता बोलतोयस त्यापेक्षा हळू, म्हणून ‘स्पीक मोअर स्लोली’. ‘उद्या जरा लवकर ये’, ‘कम अ लिटल अर्लिअर टुमॉरो’. ‘अजून’ पण बघा, ‘अजून मोठा पाहिजे’ म्हणजे ‘आय वॉन्ट अ बिगर वन’. आजारी माणूस म्हणतो ‘आता बरं वाटतंय’, तिथंही कालच्यापेक्षा हे मनात आहे, म्हणून ‘आय ऍम फीलिंग बेटर’.

आणि उलट पण असतं, पेक्षा आहे पण तुलनेचं रूप लागत नाही. ‘उन्हात जाण्यापेक्षा घरी बस’ यात ‘रादर दॅन’ लागतं, स्टे ॲट होम रादर दॅन गो आउट इन द सन. ‘मला चहापेक्षा कॉफी आवडते’ म्हणायला ‘प्रिफर’ वापरलं तर दॅन येतच नाही, ‘आय प्रिफर कॉफी टू टी’. सिनिअर आणि ज्युनिअरचंही तसंच, ही इज सिनिअर टू मी. हे दोन्ही शब्द लॅटिनमधून आलेत आणि मुळातच कंपॅरेटिव्ह आहेत, म्हणून ‘मोअर सिनिअर दॅन’ लिहायच्या आधी थांबा. आमच्याकडे ऑफिसात जाणारी मोठी माणसंसुद्धा सर्रास ‘सिनिअर दॅन मी’ म्हणतात.

दुसरी पायरी: योग्य शब्द निवडा, विशेषतः ‘मोठा’ असेल तर

इथं मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. मराठीतला ‘मोठा’ पाच-सहा कामं एकटा करतो. मोठा भाऊ वयाने, मोठं घर आकाराने, मोठा आवाज, मोठा लेखक, मोठा रस्ता. ‘माझी बहीण माझ्यापेक्षा मोठी आहे’ याचं ‘माय सिस्टर इज बिगर दॅन मी’ केलं तर अर्थ होतो ती अंगाने मोठी आहे, आणि हे वाक्य बहिणीसमोर वाचून दाखवलं की काय होतं ते विचारू नका. वयासाठी ‘ओल्डर’. लहान असेल तर वयाला ‘यंगर’, आकाराला ‘स्मॉलर’. मोठा आवाज ‘लाउडर’. मोठा लेखक ‘ग्रेटर’. रस्ता मोठा म्हणजे बहुतेकदा रुंद, ‘वायडर’.

‘एल्डर’ आणि ‘ओल्डर’ यातला फरक एकदाच समजून घ्या. एल्डर फक्त घरच्या माणसांसाठी आणि नामाच्या आधी, ‘माय एल्डर ब्रदर’. त्याच्यापुढे दॅन कधीच नाही. ‘ही इज एल्डर दॅन मी’ चूक, ‘ही इज ओल्डर दॅन मी’ बरोबर. वस्तू, किल्ले, झाडं यांना एल्डर लागत नाही. रेईश मागूशचा किल्ला 1551चा आणि आग्वाद 1612चा, म्हणून ‘रेईश मागूश फोर्ट इज ओल्डर दॅन आग्वाद’.

‘लवकर’ हाही असाच फसवा शब्द आहे. ठरलेल्या वेळेच्या आधी असेल तर ‘अर्लिअर’, थोड्या वेळात असेल तर ‘सूनर’, वेगाने असेल तर ‘फास्टर’ किंवा ‘मोअर क्विकली’. पणजी-मडगाव कदंबाची, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसची, शटल लवकर पोचते म्हणजे वाटेत थांबत नाही म्हणून, तिथं ‘फास्टर’. पण ‘मी लवकर उठते’ यात ‘फास्टर’ घालून बघा, हास्यास्पद होतं.

‘कमी’ला दोन शब्द आहेत. मोजता येणाऱ्या गोष्टींना ‘फ्यूअर’, न मोजता येणाऱ्यांना ‘लेस’. फ्यूअर टुरिस्ट्स, लेस ट्रॅफिक. पावसाळ्यात कळंगुटला हे दोन्ही खरं असतं.

तिसरी पायरी: ‘ई आर’ की ‘मोअर’

यासाठी शब्दाचे उच्चारात किती तुकडे पडतात ते मोजायचं, त्याला सिलॅबल म्हणतात. माझी युक्ती अशी की हनुवटीखाली हात ठेवायचा आणि शब्द सावकाश म्हणायचा, हनुवटी जितक्या वेळा खाली जाते तितके तुकडे. बिग एक, हॅपी दोन, ब्युटिफुल तीन. फक्त आपल्याकडे ‘स्मॉल’चं ‘इस्मॉल’ होतं कधीकधी, तसं म्हटलं तर मोजणी चुकेल.

एक तुकडा असेल तर ‘ई आर’, ‘ई एस टी’. टॉल, टॉलर, टॉलेस्ट. तीन किंवा जास्त तुकडे असतील तर ‘मोअर’, ‘मोस्ट’. मोअर एक्स्पेन्सिव्ह, मोस्ट इंटरेस्टिंग. इथं फार विचार करायचा नाही. फक्त ‘अनहॅपी’सारखे शब्द बघा, तीन तुकडे आहेत तरी मूळ हॅपीचंच रूप चालतं, ‘अनहॅपिअर’.

डोकेदुखी आहे ती दोन तुकडेवाल्यांची. शेवटी ‘वाय’ असेल तर डोळे मिटून ‘आय ई आर’: इझी, इझिअर, हेवी, हेविअर, स्पायसी, स्पायसिअर. ‘सिम्पल’, ‘नॅरो’, ‘क्वाएट’ यांना पण ‘ई आर’ लागतं, सिम्प्लर, नॅरोअर, क्वाएटर. ‘क्लेव्हर’ आणि ‘कॉमन’ दोन्हीकडे चालतात. बाकीचे दोन तुकडेवाले, म्हणजे फेमस, मॉडर्न, केअरफुल, युजफुल, बोरिंग, यांना ‘मोअर’. परीक्षेत आठवलं नाही तर दोन तुकडेवाल्याला ‘मोअर’ लावणं जास्त सुरक्षित, पण शेवटी ‘वाय’ असेल तर नाही, ‘मोअर हॅपी’ कानाला खटकतं.

एक तुकडा असून ‘मोअर’ घेणारे थोडे आहेत. ‘फन’चं मोअर फन. क्रियापदापासून झालेली विशेषणं, म्हणजे ‘बोअर्ड’, ‘टायर्ड’ वगैरे, त्यांनाही मोअर, ‘आय ऍम मोअर टायर्ड दॅन यू’.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन्ही एकदम कधीच नाही. ‘मोअर चीपर’, ‘मोस्ट बिगेस्ट’, ‘मोअर बेटर’ हे सगळे एकाच कामाला दोन मजुरी दिल्यासारखे. ‘मोअर बेटर’ येतं कुठून तेही लक्षात घ्या, आपण मराठीत ‘हे जास्त चांगलं’ म्हणतो, मग जास्तचं मोअर आणि चांगलंचं बेटर. पण ‘बेटर’ या एका शब्दातच ‘जास्त चांगलं’ आलेलं आहे.

चौथी पायरी: स्पेलिंग

शेवटी ‘ई’ असेल तर नुसता ‘आर’ आणि ‘एस टी’, लार्ज, लार्जर. शेवटी व्यंजन आणि ‘वाय’ असेल तर वाय जाऊन आय, ड्राय, ड्रायर, तिथं ‘डी आर आय ई आर’. पण वायच्या आधी स्वर असेल तर वाय तसाच राहतो, ग्रे, ग्रेअर.

डबल अक्षर कधी? एकाच तुकड्याचा शब्द असेल तर त्याची शेवटची तीन अक्षरं बघा, व्यंजन, एकच स्वर, परत व्यंजन अशी असतील तर शेवटचं डबल. बिगला दोन जी, हॉटला दोन टी, थिनला दोन एन, सॅडला दोन डी. ‘स्वीट’मध्ये दोन ई आहेत, म्हणून डबल नाही. ‘कोल्ड’च्या शेवटी दोन व्यंजनं आहेत, डबल नाही. आणि डब्ल्यू, एक्स, वाय कधी डबल होत नाहीत, स्लो, स्लोअर. हा नियम नीट बसला की स्पेलिंगमधल्या निम्म्याहून जास्त चुका जातात असा माझा अनुभव.

पाचवी पायरी: जे नियमात बसत नाहीत ते

हे पाठच करायचे, इलाज नाही, पण थोडेच आहेत. गुड, बेटर, बेस्ट. बॅड, वर्स, वर्स्ट. मच किंवा मेनी, मोअर, मोस्ट. लिटल, लेस, लीस्ट. इंग्लिशमधल्या ‘फार’चं, म्हणजे दूर, ‘फार्दर’ आणि ‘फर्दर’, अंतरासाठी दोन्ही चालतात, पण ‘अधिक’, ‘पुढील’ या अर्थाने फर्दरच, फर्दर इन्फर्मेशन. लेटचं वेळेच्या अर्थाने ‘लेटर’, ‘लेटेस्ट’, आणि क्रमाच्या अर्थाने ‘लॅटर’, ‘लास्ट’. ‘लेटेस्ट न्यूज’ म्हणजे ताजी बातमी, त्यानंतर अजून येतील. ‘लास्ट बस’ म्हणजे त्या दिवशी त्यानंतर बस नाही.

सहावी पायरी: ऍडव्हर्बला वेगळं बघा

विशेषण सांगतं कसा आहे, ऍडव्हर्ब सांगतं कसं करतो. मराठीत कित्येकदा शब्द एकच असतो, ‘तो चांगला आहे’ आणि ‘तो चांगला खेळतो’, म्हणून मुलं ‘ही प्लेज गुड’ लिहितात. तिथं ‘वेल’ लागतं. तुलनेत मात्र दोन्हींचं रूप एक होतं, वेल, बेटर, बेस्ट, आणि बॅडली, वर्स, वर्स्ट. तेवढं सोपं.

शेवटी ‘एल वाय’ लागून बनलेल्या ऍडव्हर्बना मोअर, मोस्ट: मोअर केअरफुली, मोअर स्लोली. ‘स्लोलिअर’ असं काही नसतं. पण ‘अर्ली’च्या शेवटी एल वाय दिसलं तरी त्याचं ‘अर्लिअर’च होतं, आणि ‘फ्रेंडली’, ‘लव्हली’ ही मुळात ऍडव्हर्ब नाहीत, विशेषणं आहेत, फ्रेंडलिअर चालतं. फास्ट, हार्ड, लाँग, हाय, निअर ही दोन्हीकडे तशीच वापरायची आणि ‘ई आर’ लावायचा. ‘शी वर्क्स हार्डर दॅन मी’. इथं ‘हार्डली’कडे घसरू नका, हार्डलीचा अर्थ ‘जवळजवळ नाहीच’, ‘शी हार्डली वर्क्स’ म्हणजे ती काम करतच नाही म्हणा ना. आईबद्दलच्या निबंधात हे वाक्य मी एकदा वाचलंय, त्या बिचाऱ्याला म्हणायचं होतं आई खूप राबते.

सातवी पायरी: आजूबाजूचे शब्द

‘खूप मोठा’चं ‘व्हेरी बिग’ ठीक, पण ‘त्याच्यापेक्षा खूप मोठा’ झालं की व्हेरी जातं आणि ‘मच’ येतं, ‘मच बिगर’. इंग्लिशमधलं ‘फार’ किंवा ‘अ लॉट’ पण चालतं. ‘थोडा मोठा’ म्हणजे ‘अ लिटल बिगर’. ‘त्याहूनही मोठा’ म्हणजे ‘ईव्हन बिगर’.

सुपरलेटिव्हच्या आधी ‘द’. आपल्याकडे आर्टिकल नावाची गोष्टच नाही, त्यामुळे हे सुटतंच. माझा, तुझा असेल तर ‘द’ नको, माय बेस्ट फ्रेंड. जागा किंवा गट सांगताना ‘इन’, संख्या किंवा सगळे सांगताना ‘ऑफ’: द टॉलेस्ट इन द क्लास, द टॉलेस्ट ऑफ द थ्री. दोघांतला मोठा असेल तर सुपरलेटिव्ह नाही, पण ‘द’ मात्र लागतो, ‘द टॉलर ऑफ द टू’.

‘जितकं, तितकं’ आपल्याकडे छान आहे आणि इंग्लिशमध्येही तसाच जोड आहे, दोन्हीकडे ‘द’ आणि कंपॅरेटिव्ह. जितका पाऊस जास्त तितका दूधसागर सुंदर, ‘द हेविअर द रेन, द मोअर ब्युटिफुल दूधसागर लुक्स’.

तुलना सारख्याशी सारख्याची करा. ‘इथला पाऊस पुण्यापेक्षा जास्त’ हे मराठीत खपतं, पण इंग्लिशमध्ये पावसाची तुलना शहराशी होऊन बसते, म्हणून ‘द रेनफॉल हिअर इज हेविअर दॅन दॅट इन पुणे’. हे एकवचनाला ‘दॅट’, अनेकवचनाला ‘दोज’.

परीक्षेतलं डिग्री बदलण्याचं काम

एकच गोष्ट तीन प्रकारे सांगायची असते. गोव्याचं क्षेत्रफळ 3702 चौरस किलोमीटर, भारतातल्या राज्यांत सगळ्यात लहान. ‘गोवा इज द स्मॉलेस्ट स्टेट इन इंडिया.’ ‘गोवा इज स्मॉलर दॅन एनी अदर स्टेट इन इंडिया.’ ‘नो अदर स्टेट इन इंडिया इज ऍज स्मॉल ऍज गोवा.’ यातलं ‘अदर’ गाळू नका, गोवा स्वतः भारतातलं राज्य आहे, अदर काढलं तर गोवा गोव्यापेक्षाही लहान असं होतं. पण ‘माय ब्रदर इज टॉलर दॅन एनी गर्ल इन द क्लास’ यात अदर नको, भाऊ मुलींच्यात मोजलाच जात नाही.

‘वन ऑफ द’ आलं की पुढचं नाम अनेकवचनी. तांबडी सुर्लाचं महादेव मंदिर घ्या: ‘इट इज वन ऑफ द ओल्डेस्ट टेंपल्स इन गोवा.’ टेंपल नाही, टेंपल्स. याची दुसरी डिग्री ‘इट इज ओल्डर दॅन मोस्ट अदर टेंपल्स इन गोवा’, आणि पहिली ‘व्हेरी फ्यू टेंपल्स इन गोवा आर ऍज ओल्ड ऍज इट’.

पटीत सांगायचं तर ‘ट्वाइस ऍज’. सिक्कीम 7096 चौरस किलोमीटर, म्हणून ‘सिक्कीम इज निअर्ली ट्वाइस ऍज बिग ऍज गोवा’.

आता पेन घ्या आणि खालची चार वाक्यं स्वतः करून मगच पुढचं वाचा. दूधसागर 310 मीटर, जोग 253 मीटर, दोघांची तुलना करा. या दोन आंब्यांत गोड कुठला? तो माझ्यापेक्षा खूप चांगला पोहतो. तो माझ्यापेक्षा आईवर जास्त प्रेम करतो.

पहिलं, ‘दूधसागर इज हायर दॅन जोग’. दुसरं, ‘विच ऑफ द टू मँगोज इज स्वीटर?’, पेक्षा लपलेला आहे. मानकुराद असेल तर उत्तर मी न चाखता देईन. तिसरं, ‘ही स्विम्स मच बेटर दॅन मी’, ‘व्हेरी बेटर’ नाही आणि ‘मोअर गुड’ तर नाहीच. चौथ्यात मुद्दाम खोच ठेवलीय. मराठी वाक्याचेच दोन अर्थ होतात, आणि ‘ही लव्हज मदर मोअर दॅन मी’ लिहिलं तर इंग्लिशमध्येही ते दोन्ही तसेच राहतात. म्हणून शेवट पुरा करा. माझं आईवर आहे त्याहून त्याचं जास्त, असं असेल तर ‘मोअर दॅन आय डू’. त्याचं माझ्यावर आहे त्याहून आईवर जास्त, असं असेल तर ‘मोअर दॅन ही लव्हज मी’.